रणदिव्यांच्या बायकोला पिवळा टॅग

अनंत परुळेकर यांनी जन्मात गोष्टीची एक ओळ लिहिलेली नाही, तरी चाळीसेक लेखक त्यांना वचकून असतात. हे लेखक काही पुस्तकंबिस्तकं छापून आलेले नव्हेत. एक जण नाशिकला औषधाचं दुकान चालवतो, एक घाटकोपरच्या बँकेत कॅशियर आहे, एक बाई चिपळूणला भूमापन कार्यालयात आहेत. हे सगळे मिळून एका बंद पडलेल्या मालिकेच्या पुढच्यामागच्या गोष्टी लिहितात, आणि त्यातल्या वाचण्यालायक कुठल्या हे मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर बसून अनंतराव ठरवतात.

मालिकेचं नाव ‘तपास चालू आहे’. पोलीस निरीक्षक रणदिवे हे तिचे नायक. चारशे बारा भाग झाले आणि एका सोमवारी वाहिनीने ती गुंडाळली. रणदिवे एका गोदामाचं शटर वर करतात, आत बघतात, त्यांचा चेहरा बदलतो आणि ‘समाप्त’ अशी पाटी येते. आत काय होतं ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. लोकांनी वाहिनीला पत्रं लिहिली, मग तो नाद सोडला आणि स्वतःच लिहायला बसले. दुसऱ्याच्या गोष्टीतली माणसं उचलायची आणि त्यांना घेऊन आपली गोष्ट लिहायची, याला जगात फॅन फिक्शन म्हणतात. या मंडळींनी त्याचं चाहतेकथा केलं आणि एक वेबसाइट काढली. पहिल्या वर्षात एकट्या शटरवर एकशे सहा गोष्टी आल्या. शटरच्या आत बहुतेक वेळा रणदिव्यांचा जुळा भाऊ असे.

अनंतराव तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते आणि शटरचा प्रश्न त्यांनाही छळत होता. टॅबवर शोधता शोधता ते या साइटवर पोचले, तीन आठवड्यांत साठ गोष्टी वाचल्या, आणि साइट चालवणाऱ्या सुबोध साळवेला, म्हणजे त्या घाटकोपरच्या कॅशियरला, त्यांनी अकरा पानी मेल पाठवली. ‘गोष्ट क्रमांक चार : पंचनाम्याला एकच पंच. दोन लागतात. गोष्ट क्रमांक नऊ : पहिल्या पानावर हवालदाराचा डावा पाय मोडला आहे, सहाव्या पानावर उजवा. गोष्ट क्रमांक सतरा : मृत व्यक्ती चहा पिते.’ सुबोधने दुसऱ्या दिवशी फोन केला आणि म्हणाला, “काका, तुम्ही आधी कुठे होतात? शिफारस यादी तुम्हीच करा ना यार. लोक विचारून विचारून डोकं खातात, काय वाचू, काय वाचू.”

अनंतरावांनी हे काम हाती घेतलं ते त्यांना येत होतं त्याच पद्धतीने. चौतीस वर्षं ते भांडुपच्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. तिथे टेबलावर आलेल्या प्रत्येक व्हॉल्व्हला तीनपैकी एक टॅग लागायचा. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे दुरुस्त करून परत आणा, लाल म्हणजे भंगार. तेच तीन रंग त्यांनी गोष्टींना लावले. आणि कारखान्यातला सगळ्यात मोठा नियमही त्यांनी बरोबर आणला : माल कुठल्या कारागिराचा आहे हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. दुपारी ज्याच्याबरोबर चहा प्यायचा त्याचा व्हॉल्व्ह संध्याकाळी भंगारात टाकणं जड जातं, म्हणून हा नियम. त्यामुळे सुबोध सगळ्या गोष्टींवरची नावं काढून त्या पाठवायचा, आणि काकांचा शेरा, काना-मात्रा न बदलता, लेखकाकडे परत जायचा.

यादी दर महिन्याच्या एक तारखेला निघते. पहिल्या भागात हिरव्या टॅगच्या गोष्टी, प्रत्येकीपुढे दोन ओळी : किती पानांची, पूर्ण आहे की अर्धवट सोडलेली, रडवते का. दुसऱ्या भागाचं नाव ‘नवलेखकांस उपयुक्त’. त्यात देवनागरी टाइप करायची सोपी पद्धत आहे, पोलीस खात्यातली पदं चढत्या क्रमाने आहेत, पंचनाम्याचा नमुना आहे (तो खालच्या मजल्यावरच्या निवृत्त हवालदारांकडून दोन वेळा तपासून घेतला आहे), संवाद लिहिताना अवतरणचिन्हं कुठे घालायची ते आहे. पुढे सूचना. सूचना क्रमांक सहा : घरात शांतता नसल्यास जवळच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत बसावे, नवघर रस्त्यावरच्या अभ्यासिकेत दुपारी तीन ते पाच गर्दी कमी असते. सूचना क्रमांक नऊ : आपले लेखन घरच्या माणसांना दाखवू नये, ती खोटे कौतुक करतात. क्रमांक अकरा : जे आपण रोज पाहतो तेच लिहावे. यातलं काहीही अनंतरावांनी स्वतः करून पाहिलेलं नव्हतं. व्हॉल्व्ह तरी त्यांनी कुठे बनवला होता?

अनंतरावांच्या घरात माणसं दोन. ते आणि त्यांची बायको शुभा, जी पालिकेच्या शाळेत क्लार्क होती आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. मुलगी रेवती लग्न होऊन बंगळुरूला असते. छत्तीस वर्षांच्या संसारात भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं, याचा अनंतरावांना अभिमान होता. शुभा जे विचारेल त्याला ते “चालेल” म्हणत. भाजी कुठली करू, पडदे बदलू का, रेवतीच्या साखरपुड्याला हिरवी साडी नेसू का. चालेल. त्यांच्या हिशेबी हा हिरवा टॅग होता.

दोन वर्षांपासून शुभा दुपारी तीन ते पाच ज्येष्ठ नागरिक संघात योगासनांना जायची. दोन वर्षं योगासनं करूनही तिला खाली पडलेला चमचा उचलायला खुर्चीचा आधार लागतो, हे अनंतरावांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. नजरेतून त्यांच्या काहीच सुटत नसे. पण विचारलं मात्र नव्हतं.

याच दोन वर्षांत त्यांच्याकडे ‘सदतीस प्रसंग’ येऊ लागली.

झालं असं होतं की मालिकेत रणदिव्यांना एक बायको होती. चारशे बारापैकी सदतीस भागांत ती दिसली आणि त्या सदतीस वेळांत मिळून तिला दोन वाक्यं होती : “जेवायला वाढू?” आणि “परत जाताय?” तिला नावसुद्धा दिलेलं नव्हतं. ‘सदतीस प्रसंग’ लिहिणाऱ्याने तिला मधुवंती हे नाव दिलं आणि एकेका प्रकरणात तिचा एकेक प्रसंग घेतला. टीव्हीवर ती दार उघडते तेवढी चार सेकंदं. त्याच्या आधी ती घरात काय करत होती, आणि दार लावून घेतल्यावर तिने काय केलं, ते सगळं त्यात होतं. खुनाचा तपास बाहेर कुठेतरी चालू असायचा. त्याबद्दल ओळीसुद्धा नसे.

अनंतरावांनी पहिलं प्रकरण वाचलं तेव्हा दोष शोधण्यासाठी पेन्सिल हातात होती. वाचून झालं तरी ती कोरीच. दुसऱ्याला तेच. अकराव्याला त्यांनी ‘उत्तम’ असा शेरा दिला, जो चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी फक्त एकदा, जर्मनीहून आलेल्या एका व्हॉल्व्हला दिला होता. महिन्याला एक-दोन प्रकरणं यायची, आणि आलं की रविवारी सकाळी ते त्यातले तुकडे शुभाला वाचून दाखवायचे. ती मेथी निवडत ऐकायची.

“काय लिहिते बघ ही बाई!” ते म्हणायचे.

“बाई कशावरून?” शुभा विचारायची.

“पुरुषाला एवढं दिसत नाही गं.”

“हं,” शुभा म्हणायची. त्या रविवारी जेवणात हमखास काहीतरी गोड असायचं. हेही अनंतरावांच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

मग एकोणतिसावं प्रकरण आलं. त्यात मधुवंती एका सकाळी निळ्या बॅगेत चार साड्या भरते, रणदिव्यांचा डबा नेहमीसारखा भरून ओट्यावर ठेवते, आणि रिक्षाने वर्सोव्याच्या जेट्टीवर जाते. पलीकडे मढला शूटिंगला भाड्याने देतात त्यातल्या एका बंगल्यावर देखरेखीला बाई हवी असते, राहण्याची सोय असते. ती फेरीबोटीची वाट बघत उभी राहते. बोट येते, माणसं उतरतात, मोटारसायकली उतरतात, कोळणी पाट्या घेऊन उतरतात. नाखवा हात करून विचारतो, येणार का? प्रकरण तिथेच संपतं.

अनंतरावांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांना राग आला. बाईवर नाही, रणदिव्यांवर. मधुवंती घर सोडते याचं कारण लेखिकेने एका वाक्यात दिलं होतं : लग्नाच्या छत्तीस वर्षांत रणदिव्यांनी तिला ‘तुला काय वाटतं’ असं कधी विचारलं नव्हतं. मारझोड नाही, दारू नाही, बाहेरची भानगड नाही. एवढंच. हे काही अनंतरावांना पटेना. त्यांनी पेन्सिल उचलली आणि शेरा लिहिला, आणि नेहमीप्रमाणे रविवारी सकाळी शुभाला वाचून दाखवला.

“‘बाईचं पात्र उत्तम. नवऱ्याचं पात्र अविश्वसनीय. छत्तीस वर्षं एका घरात राहून बायकोला एकही प्रश्न न विचारणारा माणूस असू शकत नाही. लेखिकेने असा माणूस पाहिलेला नाही हे उघड आहे. पिवळा टॅग. दुरुस्त करून पाठवावे.’ कसं वाटतंय?” आणि उत्तराची वाट न बघता म्हणाले, “पाठवून टाकतो.”

शुभाच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. “असा माणूस नसतो?” तिने विचारलं.

“शक्यच नाही. इतका मठ्ठ?”

“हं,” शुभा म्हणाली आणि कुकर बघायला आत गेली. कुकर अजून लावलेला नव्हता.

मंगळवारी सुबोधचा फोन आला. “काका, वाट लागली. ‘सदतीस प्रसंग’ बंद. मेल आलीय, दोन ओळींची. ‘दुरुस्ती शक्य नाही. कथा मागे घेत आहे, आजवरची प्रकरणंही काढून टाकावीत.’ ग्रुपवर लोक मला फाडून खातायत. चिपळूणच्या मॅडम तर म्हणाल्या, परुळेकरांनाच होडीत बसवून द्या.”

अनंतरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. ज्या कारागिराच्या हाताला तोड नाही, त्याला आपण एका शेऱ्याने कारखान्यातून घालवला, हे त्यांना लागलं. शिवाय बोट जेट्टीवर उभी होती ती उभीच राहिली होती. ती बसली की नाही? त्यांनी सुबोधला लेखिकेचं नाव विचारलं. माफी मागायची होती.

“सॉरी काका,” सुबोध म्हणाला. “नियम तुमचाच आहे.”

त्याच संध्याकाळी शुभा म्हणाली, “मी जरा पद्मजाकडे राहून येते. शनिवारी जाईन म्हणते.” पद्मजा तिची बहीण, बोरिवलीला असते.

“चालेल,” अनंतराव म्हणाले. किती दिवस, ते त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

गुरुवारी दुपारी शुभा योगासनांना गेल्यावर ते कामाला बसले. नाव मिळत नसेल तर निदान चूक कुठे झाली हे लेखिकेला नीट समजावून द्यावं, नुसता ‘अविश्वसनीय’ असा शेरा मारणं बरोबर नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. कारखान्यात पिवळ्या टॅगबरोबर तक्ता जायचा. त्यांनी कागदावर चार रकाने आखले : प्रकरण, ओळ, दोष, सुधारणा. आणि पहिल्यापासून एकोणतिसाव्यापर्यंत रणदिवे जिथे जिथे घरात दिसतो ती प्रत्येक जागा शोधायला घेतली.

प्रकरण तीन. जेवण झाल्यावर रणदिवे ओट्यावरच्या प्रत्येक भांड्याचं झाकण उचलून आत किती उरलंय ते बघतो आणि काही न बोलता झाकण लावतो. यात दोष काय लिहावा ते अनंतरावांना सुचेना. सगळेच बघतात. ते स्वतः आत्ताच बघून आले होते.

प्रकरण आठ. बाहेर पडताना रणदिवे कुलूप तीनदा ओढून बघतो, मग बायकोला एकदा ओढायला लावतो. हेही बरोबरच होतं. दोघांनी ओढलेलं बरं.

प्रकरण चौदा. रणदिव्यांच्या घरात प्रत्येक डब्यावर आत काय आहे त्याची चिठ्ठी आहे. मीठ काचेच्या बरणीत असतं, आरपार दिसतं, तरी तिच्यावर ‘मीठ’ अशी चिठ्ठी आहे. अनंतराव उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि काचेच्या बरणीपुढे बराच वेळ उभे राहिले. चिठ्ठी त्यांच्याच अक्षरात होती.

ते परत येऊन बसले तेव्हा एकविसावं प्रकरण उघडायची त्यांची छाती होईना, कारण त्यात काय आहे हे त्यांना पाठ होतं. ते वाचताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यांनी शेरा दिला होता, ‘प्रसंग जिवंत. बाईचं दुःख पोचतं.’ त्यात मधुवंतीचे वडील जातात. तेरावं उरकून नवराबायको गावाहून घरी परततात. ती बाहेरच्या खोलीत बॅग मांडीवर घेऊन बसते. नवरा तडक स्वयंपाकघरात जातो, बाहेर येतो आणि म्हणतो, “गॅस बंदच होता. बरं झालं.”

सावंतवाडीहून परत येताना, शुभाचे वडील गेले तेव्हा, पूर्ण रस्ताभर अनंतरावांच्या मनात गॅसचं बटण होतं. निघायच्या घाईत बंद केलं की नाही आठवेना. घरी पोचून ते बंद दिसलं तेव्हा त्यांना इतकं हलकं वाटलं की आधी शुभाला सांगावं असं वाटलं. तिलाही बरं वाटेल. ती बॅग मांडीवर घेऊन बसली होती. ती “हं” म्हणाली होती.

अनंतरावांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना लाज वाटली, अशी की कानापर्यंत गरम झालं. चौतीस वर्षं केसाएवढा फरक पकडणारा माणूस, दोन वर्षं रविवारी सकाळी तिचंच लिहिलेलं तिलाच वाचून दाखवत होता, आणि शेवटी तोंडावर सांगून मोकळा झाला होता की तू असा माणूस पाहिलेलाच नाहीस. लाजेच्या पाठोपाठ भीती आली. परवा शनिवार होता. निळी बॅग त्यांनी माळ्यावर शोधली. ती माळ्यावर नव्हती, पलंगाखाली होती, पुसून ठेवलेली. रिकामी होती. अजून.

चार वाजत आले होते. योगासनं. दोन वर्षं. खुर्चीचा आधार. तीन ते पाच. हे सगळं त्यांनी एकापुढे एक मांडलं आणि आपलीच सूचना क्रमांक सहा त्यांना आठवली. त्यांनी चपला घातल्या, कुलूप तीनदा ओढलं, चौथ्यांदा ओढायला आपण एकटेच आहोत हे लक्षात आलं, आणि ते नवघर रस्त्याला लागले.

अभ्यासिकेत पंचवीस-तीस मुलंमुली स्पर्धा परीक्षांच्या जाड पुस्तकांवर मान टाकून बसली होती. भिंतीवर ‘संपूर्ण शांतता राखा’ अशी पाटी, दारापाशी ग्रंथपाल बाई, आणि कोपऱ्यातल्या पंख्याखाली शुभा. वहीत लिहीत नव्हती. वही मिटलेली होती आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती. अनंतराव जाऊन तिच्या समोरच्या खुर्चीवर बसले. शुभाने त्यांच्याकडे पाहिलं. तिला दचकल्यासारखंही झालं नाही. फक्त वहीवर हात ठेवला.

“अगं,” अनंतराव म्हणाले.

“शूऽऽ,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

त्यामुळे जे बोलायचं ते लिहावं लागलं. अनंतरावांनी खिशातून पेन्सिल काढली, तक्त्याचा कागद उलटा केला आणि त्यावर काय लिहावं याचा दहा मिनिटं विचार केला. माफी लिहायला घेतली तर ती शेऱ्यासारखी होऊ लागली. शेवटी त्यांनी जे खरोखर जाणून घ्यायचं होतं तेवढंच लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.

‘ती बोटीत बसते का?’

शुभाने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिच्या हनुवटीला थोडं काही झालं, पण तिने आवरलं. खाली लिहिलं, ‘ठरलेलं नाही. तिला कुणी थांब म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही.’

कागद परत आला. अनंतरावांनी पेन्सिल उचलली. शेजारची मुलगी भारताच्या नद्या पाठ करत होती, तिच्या पुटपुटण्याने त्यांना सुचेनासं झालं. त्यांनी एक शब्द लिहिला.

‘थांब.’

शुभाने कागद आपल्याकडे ओढला. मग तिने लिहिलं, ‘हे कोण म्हणतंय? तुम्ही की रणदिवे?’

याचं उत्तर मात्र अनंतरावांना लगेच आलं. हा त्यांच्या विषयातला प्रश्न होता. त्यांनी लिहिलं, ‘मी. रणदिवे असं म्हणणार नाही. त्याचं पात्र बिघडेल.’

शुभा हसली. मोठ्याने, तोंडावर पदर धरायच्या आधीच फुटलेलं हसू, आणि नद्या पाठ करणाऱ्या मुलीसकट सगळ्या अभ्यासिकेने माना वर केल्या. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना, आणि त्यातलं हसण्याचं किती आणि गॅसच्या बटणाचं किती हे अनंतरावांना सांगता आलं नसतं. ग्रंथपाल बाई उठून आल्या. “आजी-आजोबा,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, “प्लीज बाहेर जाऊन बोला ना.” दोघं बाहेर गेले.

शनिवारी शुभा पद्मजाकडे गेली नाही. का गं, असं अनंतरावांनी विचारलं. त्यांच्या तोंडाला हे शब्द नवे होते आणि उच्चार थोडा चौकशी समितीसारखा झाला. आठ प्रकरणं राहिली आहेत, पद्मजाकडे नातवंडं धिंगाणा घालतात, ती म्हणाली.

सुबोधला फोन करून अनंतरावांनी सांगितलं की ‘सदतीस प्रसंग’ यापुढे आपण तपासणार नाही. लेखिका ओळखीची निघाली. नियमात बसत नाही.

“दोन वर्षांनी कळलं होय?” सुबोध म्हणाला. “काका, त्यांच्या मेल आयडीतच अख्खं नाव आहे. शुभा परुळेकर. मला वाटलं तुम्ही दोघं मजा घेताय.”

आणि मग पुढचं प्रकरण आलं. शुभाने ते त्यांना दाखवलं नव्हतं. सूचना क्रमांक नऊ ती अजून पाळत होती. साइटवर आलं तेव्हा बाकीच्यांबरोबर त्यांनीही वाचलं, दुपारी, जेवताना, टॅब पाण्याच्या तांब्याला टेकवून. मधुवंती बोटीत बसली होती. रणदिवे कुठेच आला नाही, कुणी हाक मारली नाही, पाच मिनिटांत बोट पलीकडे लागली, ती मढला उतरली आणि तिने मागे पाहिलं नाही. बंगल्याच्या मागच्या बाजूला तिला एक खोली मिळाली होती. खिडकीतून सुकत घातलेली मासळी दिसत होती.

अनंतरावांना ते वाचून वाईट वाटलं. आपण थांब म्हणालो होतो. पण प्रकरणात एकही दोष नव्हता. ती थांबली असती तरच तो दोष ठरला असता, हेही त्यांना कळत होतं. त्यांनी टॅब उपडा ठेवला. शुभा समोर आमटीचा डाव हातात घेऊन उभी होती, वाढायची थांबलेली, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत. चांगलं झालंय असं म्हणावं की न म्हणावं, याचा ते विचार करत होते, आणि मग त्यांना खरंच वाटलेलं होतं तेच त्यांनी विचारलं.

“तिथे तिला करमतं का गं?”

शुभाने डाव पातेल्यात ठेवला. खुर्ची ओढली, बसली, आणि सांगायला लागली. आमटी गार झाली तरी तिचं सांगून झालं नव्हतं.